भापकरांचं ‘नको’

राधाकृष्ण भापकरांनी मुसाफिर बंगल्याच्या व्हरांड्यात बसून दुपारचा चहा घ्यायचं ठरवलं, तेव्हा सावेडीतल्या त्यांच्या सोसायटीत कुणीही नुसतं ‘बरं’ म्हणालं नाही. नुसतं ‘बरं’ म्हणून गप्प बसायची आमच्या नगरात पद्धतच नाही. त्यांच्या पत्नी ज्योतीताई म्हणाल्या, चहा घरात आहे. शेजारचे रशीदभाई म्हणजे एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. ते म्हणाले, चहा माळीवाड्यात आहे आणि तो प्यायला घाट चढावा लागत नाही. वरच्या मजल्यावरचे वैजनाथराव बँकेतून निवृत्त झाल्यापासून मोबाईलवर ज्ञान मिळवण्याची पूर्णवेळ नोकरी करतात. त्यांनी, माणसाने चहा मुळात प्यावाच का, असा प्रश्न काढला. भापकर तिघांनाही एकच उत्तर देत होते, की प्रश्न चहाचा नाही. मग कशाचा, असं विचारलं की ते खिडकीबाहेर बघत बसायचे.

प्रश्न व्हरांड्याचा होता. पाथर्डी रस्त्याला घाट चढून गेलं की डाव्या हाताला चिंचांच्या मागे तो बंगला आहे. गोरे साहेब घोड्यावरून दौऱ्याला निघत, तेव्हा त्यांच्या मुक्कामासाठी बांधलेला. पुढे तो बांधकाम खात्याकडे आला आणि मागच्या बाजूच्या एका खोलीत खात्याचं छोटंसं कार्यालय बसलं. त्या खोलीत भापकर एकतीस वर्षं लिपिक होते. बंगल्याचं आरक्षण त्यांनी लिहिलं, पडदे धुवायला त्यांनी पाठवले, आणि पुढच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर बसलेल्या साहेबलोकांना चहा वेळेवर जातो की नाही हेही त्यांनीच पाहिलं. स्वतः त्या खुर्चीत ते कधी बसले नाहीत. निवृत्तीच्या दिवशी बसणार होते. निरोपाचा चहा व्हरांड्यात ठरला होता, हार-फुलंसुद्धा आली होती; पण त्याच दुपारी वरून कुणाचा तरी दौरा आला, व्हरांडा पाहुण्यांकडे गेला, आणि भापकरांना शाल-नारळ मागच्या खोलीत फायलींच्या कपाटासमोर मिळाला. नारळ हातात पडतो न पडतो तोच उपअभियंता म्हणाले, ‘भापकर, पुढे चहाचं जरा बघता का?’ भापकर खांद्यावरच्या शालीसकट ट्रे घेऊन पुढे गेले. ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नाही. ज्योतीताईंना ती कळली होती, कारण नव्या कोऱ्या शालीवर चहाचा डाग होता.

पुढे खात्याचं कार्यालय हललं, बंगला एका पुणेकर कंपनीने चालवायला घेतला, आणि एक दिवस पेपरात जाहिरात आली: ‘द वेफेअरर्स इन. दीडशे वर्षांची परंपरा. ऐतिहासिक व्हरांड्यात हाय टी, दुपारी चार ते साडेपाच.’ भापकरांनी ती कापून पाकिटात ठेवली. त्या व्हरांड्यात मी बसणार आणि चहा दुसरं कुणीतरी आणून देणार, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. यात अवाजवी काय आहे, हे त्यांनी सरकारला लेखी विचारलं असतं, पण बंगला आता सरकारकडे नव्हता.

जागा मोबाईलवरून अर्ज भरून राखायची होती. पुण्याला असलेली मुलगी निकिता म्हणाली, बाबा, मी भरते, दोन मिनिटांचं काम आहे. पण लोकांचे अर्ज अपूर्ण म्हणून परत पाठवण्यात ज्याची हयात गेली, त्याला आपला अर्ज दुसऱ्याने भरलेला कसा चालेल? भापकरांनी तो स्वतः भरला आणि त्याला तीन दिवस लागले. गावाच्या रकान्यात ‘नगर’ चालेना. ‘अहमदनगर’ लिहिलं, तेही चालेना. ‘अहिल्यानगर’ चाललं, तर आधार कार्डावर निराळं नाव आहे म्हणून खाली लाल अक्षरं आली. तिसऱ्या दिवशी कंटाळून मोबाईलनेच माघार घेतली. सगळ्यात शेवटी ‘येण्याचं निमित्त’ असा रकाना होता आणि त्यात इंग्रजीत तीनच पर्याय: वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस आणि प्रपोजल. पहिले दोन खोटे झाले असते. प्रपोजल म्हणजे प्रस्ताव. आयुष्यात भापकरांनी कमीत कमी चार हजार प्रस्ताव वर पाठवले होते. त्यांनी समाधानाने तिथे खूण केली.

मग वैजनाथरावांनी त्यांना हाताशी धरलं. साहेबी चहाची एक शिस्त असते, असं तीन व्हिडिओ बघून त्यांचं मत झालं होतं. चमचा गोल फिरवायचा नाही. घड्याळातल्या बारापासून सहापर्यंत न्यायचा आणि परत आणायचा, तोही कपाला लागू न देता. फुंकर मारायची नाही. फुरक्याचं तर नावच काढायचं नाही. भापकर आठ दिवस रोज दुपारी जेवणाच्या टेबलावर बारा ते सहा, सहा ते बारा करत बसले. त्या आठवड्यात त्यांच्या कपातली साखर एकदाही नीट विरघळली नाही. शिवाय पोट रिकामं ठेवून जा, असा वैजनाथरावांचा सल्ला होता, कारण तिथे खायला तीन मजली ताटात येतं. रशीदभाईंचं म्हणणं बरोबर उलटं. ‘भापकरसाब, घरनं जेवून निघा. ताट तीन मजली असलं तरी पदार्थ नखाएवढा असतो.’ दोघांचंही मन राखायचं म्हणून भापकरांनी त्या दिवशी सकाळी सातला एक खारी खाल्ली आणि नंतर पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

व्हिडिओत सगळं होतं. ‘चहा घेणार का’ असं विचारल्यावर काय म्हणायचं, एवढं मात्र नव्हतं. ते शिकवायचं असतं असं वैजनाथरावांना वाटलं नाही, आणि भापकरांना तर ते येतच होतं.

रशीदभाईंनी आपल्या व्हॅनमधून भापकर आणि ज्योतीताई दोघांना सोडायचं कबूल केलं होतं. व्हॅनला ते कबूल नसावं. ती घाटात निम्म्यावर तापली. निकिताच्या लग्नात शिवलेल्या सुटात भापकरांनी शेजारच्या वावरातून दोन कॅन पाणी आणलं, एक इंजिनात गेलं, एकातलं निम्मं उजव्या बुटात गेलं. ज्योतीताई रस्त्याच्या कडेला दगडावर बसून शांतपणे म्हणाल्या, की घरी या वेळेला त्यांचा दुसरा चहा झाला असता. चार वाजून वीस मिनिटांनी व्हॅन बंगल्याच्या फाटकाशी पोहोचली. रशीदभाई दोघांना उतरवून, व्हॅनला समज द्यायला खालच्या गॅरेजकडे घेऊन गेले.

फाटकावर भीमा नावाचा राखणदार होता, लाल पट्ट्याच्या गणवेशात. भापकरांनी घड्याळ बघत विचारलं, चहा चालू आहे ना अजून.

‘हाय,’ भीमा म्हणाला.

‘चहा?’

‘न्हाई, हाय टी.’

‘म्हणजे आहे ना?’

‘हाय की. साडेपाचपत्तुर हाय टी हाय.’

आत काचेच्या दारापाशी रविराज नावाचे तरुण मॅनेजर हातात गुलाबांचा गुच्छ घेऊन उभे होते. त्यांनी भापकरांचं अभिनंदन केलं, बुटातून येणाऱ्या पचपच आवाजाकडे सभ्यपणे दुर्लक्ष केलं, आणि मॅडम कुठे आहेत म्हणून ज्योतीताईंच्या खांद्यावरून मागे पाहिलं. मॅडम याच, असं भापकर म्हणाल्यावर त्यांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. पण ते शिकलेले मॅनेजर होते. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, की सरांनी मॅडमना अजून विचारलेलं नाही ना, म्हणजे त्याप्रमाणे केक आत थांबवता येईल. भापकर म्हणाले, प्रस्ताव सादर झालेला आहे, मंजुरीही तुमच्याकडून आलेली आहे. काय घोटाळा झाला हे ज्योतीताईंच्या आधी लक्षात आलं. त्यांनी गुच्छ घेतला, वास घेतला आणि मॅनेजरला सांगितलं, की मला कधी कुणी विचारलंच नव्हतं; कर्जतला मामांच्या घरी पोहे झाले आणि हे परस्पर वडिलांना ‘पसंत आहे’ म्हणाले. तेव्हा केक आणायला हरकत नाही.

यानंतर रविराज त्यांना हॉटेलमधल्या सर्वांत मानाच्या टेबलाकडे घेऊन गेले. खास निमित्ताने येणाऱ्या पाहुण्यांनाच ते मिळतं, असं सांगत त्यांनी मागच्या अंगाचं एक दार उघडलं. दारावर पितळी पाटी होती: ‘द क्लार्क्स रूम’.

भापकर उंबऱ्यावरच थांबले. त्यांचं टेबल तिथे होतं, पॉलिश केलेलं. त्यांचं फायलींचं कपाट निळं रंगवून त्यात काचेच्या बरण्या मांडल्या होत्या. त्यांचं शाईचं पॅड, त्यांचा टाचण्यांचा डबा, त्यांचा गोल शिक्का, सगळं एका काचेखाली होतं. आणि भिंतीवर सोनेरी चौकटीत आरक्षणाच्या वहीचं एक पान लावलं होतं, त्यांच्याच अक्षरातलं: ‘मा. कार्य. अभियंता साहेब व सोबत तीन. चहा चार, बिस्किटे, एक बिनसाखरेचा.’ रविराज म्हणाले, हे शंभर वर्षांपूर्वीचं हस्ताक्षर आहे. भापकर म्हणाले, दोन हजार नऊचं आहे, आणि बिनसाखरेचा तो चहा साहेबांनी नंतर साखर मागवून घेतला होता.

मान मिळत होता, पण तो नेमका त्या खोलीत मिळत होता. एखाद्याने घेतला असता. ज्योतीताई तर बसल्याही होत्या. भापकर मात्र उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेनात. ते म्हणाले, मी व्हरांड्यासाठी आलोय. व्हरांडा मुक्कामाच्या पाहुण्यांसाठी राखीव असतो, असं रविराज म्हणाले. तेव्हा भापकरांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक फाइल काढली. तिच्यात जाहिरातीचं कात्रण होतं, अर्जाची छापील प्रत होती, मंजुरीची प्रत होती आणि ‘ऐतिहासिक व्हरांड्यात’ या शब्दांखाली दोन्ही ठिकाणी लाल पेन्सिलीने रेघ होती. कागद क्रमाने लावून, टोकाला टॅग ओवून आणलेल्या माणसाशी वाद घालायचं प्रशिक्षण त्या कंपनीत देत नसावेत. चार वाजून पस्तीस मिनिटांनी राधाकृष्ण भापकर मुसाफिर बंगल्याच्या पुढच्या व्हरांड्यात, डाव्या कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसले. खुर्ची कुरकुरली. समोर चिंचांची सावली हिरवळीवर आली होती, आजूबाजूला पुण्याकडची दोन-तीन कुटुंबं हळू आवाजात खात होती. भापकरांनी टाय सारखा केला.

आता चहा येणार होता, आणि इथे वाचकांना ‘नको’बद्दल थोडं सांगणं भाग आहे. साहेबाला चहा विचारला की साहेब ‘नको’ म्हणतो. हे पहिलं नको खुर्चीच्या इभ्रतीचं असतं. मग आपण म्हणायचं, घ्या साहेब, थोडा. साहेब म्हणतो, नको रे भापकर, आत्ताच झाला. हे दुसरं नको बाजूला उभ्या असलेल्या लोकांसाठी असतं. तिसऱ्यांदा काही म्हणायचंच नाही, कप पुढे धरायचा, साहेबाचा हात आपोआप येतो. पहिल्याच विचारण्याला ‘हो’ म्हणणारा साहेब हलक्या कुळातला किंवा नवीन भरती झालेला समजावा. एकतीस वर्षांत भापकरांनी खरंखुरं नको एकदाच ऐकलं होतं, आणि त्या साहेबांना कावीळ झालेली होती.

एक सावळीशी, चटपटीत मुलगी ट्रॉली घेऊन आली. छातीवरच्या पट्टीवर ‘रुपाली’ असं नाव होतं. किटलीला कुंचीसारखं काहीतरी घातलेलं होतं. तीन मजली ताट होतं. खाली काकडीची त्रिकोणी सँडविचेस, मधे फुगीर बिस्किटासारखं काही, वर रंगीबेरंगी केक. तिने किंचित वाकून विचारलं, ‘सर, चहा?’

भापकर खुर्चीत मागे रेलले. हा तो क्षण होता. त्यांनी हात हवेत जरासा हलवला आणि कार्यकारी अभियंत्यांच्या आवाजात म्हणाले, ‘नको.’

‘नक्कीच सर,’ रुपाली म्हणाली, आणि तिने त्यांचा कप उचलून बशीत पालथा घातला.

ज्योतीताईंना विचारल्यावर त्या ‘हो’ म्हणाल्या. त्यांच्या कपात चहा आला. भापकर पालथ्या कपाच्या बुडाकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, मुलगी नवीन आहे, खाण्याच्या वेळी तरी रीत सांभाळेल. सँडविच विचारल्यावर ते जरा मऊ आवाजात, म्हणजे आग्रहाला वाट ठेवून, म्हणाले, ‘नको, कशाला.’ रुपालीने त्यांची खाण्याची बशी उचलली. फुगीर बिस्किटाला, म्हणजे स्कोनला, ‘हो’ म्हणायचा त्यांनी मनाशी निश्चय केला, तोंड उघडलं, आणि तोंडातून ‘राहू द्या’ बाहेर पडलं. तिने चमचाही नेला. पाच वाजेपर्यंत भापकरांच्या पुढ्यात टेबलाचं लाकूड आणि तो पालथा कप एवढंच उरलं होतं. खारीला दहा तास झाले होते.

ज्योतीताईंचं उत्तम चाललं होतं. त्या चमचा गोल फिरवत होत्या, केकचा अंदाज घेत होत्या, आणि ते वरचं पिवळं काय आहे तेही द्या म्हणत होत्या. स्कोन त्यांनी फोडून पाहिला आणि न फुगलेला पाव आहे असा निकाल दिला, पण सोडला नाही. मधेच त्यांनी आपली बशी नवऱ्यापुढे सरकवली. ‘नको,’ भापकर म्हणाले. पस्तीस वर्षांच्या संसारात ज्योतीताई त्यांचं नको ओळखायला शिकल्या होत्या. रोजच्या जेवणातल्या नकोवर अर्धी पोळी वाढायची असते, सणासुदीच्या नकोवर तूप. हे नको त्यातलं नव्हतं. यावर वाढलं असतं तर वाढणारीला ऐकून घ्यावं लागलं असतं. त्यांनी बशी परत ओढली आणि म्हणाल्या, ‘एकदा हो म्हणा की. तिला काय स्वप्न पडणारे?’

‘मी मागून खाणार नाही,’ भापकर म्हणाले. ‘विचारणं तिचं काम आहे.’

‘तिनं विचारलं.’

‘एकदा विचारणं म्हणजे विचारणं नव्हे.’

पाच वाजून वीस मिनिटांनी रुपाली ट्रॉली आवरू लागली, तेव्हा भापकरांनी तिला बोलावलं. त्यांना तिची कानउघाडणी करायची होती. शब्दही तयार होते. त्यांनी सुरुवात चौकशीने केली, की ताई, इथे पाहुण्याला एकदाच विचारतात का.

‘एकदाच, सर,’ रुपाली पाठ केल्यासारखं म्हणाली. ‘पाहुणा नको म्हणाला की त्याच्या नकाराचा मान राखायचा. ट्रेनिंगला तसं सांगितलंय.’

‘गाव कोणतं तुमचं?’

‘जामखेड.’

‘जामखेडला एकदाच विचारतात?’

रुपालीने दाराकडे पाहिलं. मॅनेजर तिथे नव्हते. तिचा आवाज खाली आला आणि ट्रेनिंगही गळून पडलं. ‘न्हाई सर. आमच्यात पाव्हना ताटावर आडवा हात धरतो, तरी आई हातावरनं वाढती. पन हितं मागल्या म्हयन्यात मी एका आजोबांना दुसऱ्यांदा चहा इचारला, तर मला मेमो दिला.’

मेमो हा शब्द ऐकला आणि भापकरांची तयार केलेली कानउघाडणी जागीच विरली. मेमो त्यांनी घेतलेले होते, तीन. त्यातला एक साहेबांची बिस्किटं मऊ पडली म्हणून होता.

ते पालथ्या कपाकडे बघत बसले, आणि त्या कपाच्या बुडावर त्यांना नको तो दिवस दिसायला लागला. शाल खांद्यावर होती, ट्रे हातात होता, पाहुण्यांना कप देऊन झाले होते. ट्रेवर एक कप उरला होता. याच व्हरांड्यात, तिकडच्या खांबापाशी उपअभियंत्यांनी विचारलं होतं, ‘भापकर, तुम्ही घेता का हा?’ विचारलं होतं हे खरं होतं. भापकर म्हणाले होते, ‘नको साहेब.’ आणि साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. तो कप परत आत गेला होता. बदलीच्या वेळी, क्वार्टरच्या वेळी, बढतीच्या वेळी, दरवेळी ते ‘राहू द्या साहेब’ म्हणाले होते, आणि दरवेळी साहेबांनी राहू दिलं होतं. एकतीस वर्षं ते दुसऱ्या विचारण्याची वाट बघत होते. या बंगल्यात दुसरं विचारणं फक्त ते स्वतःच करत आले होते.

भापकर उभे राहिले. उजवा बूट पचकन वाजला.

‘मला चहा पाहिजे,’ ते म्हणाले.

आवाज त्यांच्या अंदाजापेक्षा बराच मोठा निघाला. पुण्याची कुटुंबं वळून बघायला लागली. ज्योतीताईंचा कप ओठांपाशी थांबला, कारण हे वाक्य त्यांनी या माणसाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ‘दूध घालून,’ भापकर त्याच आवाजात पुढे म्हणाले. ‘साखर तीन चमचे. सँडविच पाहिजे. तो न फुगलेला पावही पाहिजे. मला भूक लागली आहे.’

रविराज धावत आले. त्यांनी अतिशय अदबीने घड्याळ दाखवलं आणि सांगितलं, की स्वयंपाकघर बंद होत आलंय, आणि सरांनी सगळं नाकारल्याची नोंद आहे. नोंद म्हटल्यावर भापकरांच्या अंगात निराळंच बळ आलं. त्यांनी नोंद दाखवायला सांगितलं. पाहुण्यांच्या वहीत त्यांच्या टेबलापुढे खरोखरच तीनदा ‘डिक्लाइन्ड’ असं लिहिलेलं होतं. भापकरांनी खिशातलं पेन काढलं, टोपण मागे लावलं, आणि सोनेरी चौकटीतल्या त्या अक्षरात समासात शेरा मारला: ‘अतिथीने शिष्टाचारास अनुसरून नको म्हटले होते. सदर नको हा नकार समजण्यात येऊ नये. चहा व खाद्यपदार्थ तात्काळ देण्यात यावेत.’ खाली सही, तारीख, वेळ पाच वाजून अठ्ठावीस मिनिटे. रविराजांनी तो शेरा दोनदा वाचला. तोंडी भांडणाऱ्या पाहुण्याचं काय करायचं हे त्यांना शिकवलेलं होतं. लेखी भांडणाऱ्याचं नव्हतं. ते आत गेले आणि किटली पुन्हा बाहेर आली.

रुपालीने कप सुलटा करून भरला. भापकरांनी ज्योतीताईंचा चमचा घेतला आणि गरागरा गोल फिरवला, चांगला कपाला आपटत. फुंकर मारली. मग पुण्याच्या शेवटच्या टेबलापर्यंत जाईल असा एक फुरका मारला. चहा पांचट होता. ज्योतीताईंच्या चहाच्या तो पासंगालाही पुरला नसता, हे त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं आणि दुसरा कप मागितला. मागितला, म्हणजे ‘आणखी द्या’ असं तोंडाने म्हणाले. सहा सँडविचेस त्यांनी सलग संपवली. ज्योतीताईंनी पदराने डोळे टिपले, आणि मिरी फार आहे म्हणाल्या. सँडविचमध्ये मिरी नव्हती.

दुसरा कप निम्मा झाल्यावर भापकरांचं लक्ष किटली धरून उभ्या असलेल्या रुपालीकडे गेलं. ती दुपारी दोनपासून उभी होती. त्यांनी विचारलं, तुम्ही घेतला का चहा.

‘नको सर,’ रुपाली पटकन म्हणाली.

भापकरांच्या चेहऱ्यावर त्या दिवसात पहिल्यांदा हसू आलं. या नकोचं वय, वजन, जात, कूळ सगळं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी शेजारची वेताची खुर्ची ओढली आणि म्हणाले, बसा. रविराज घाईघाईने पुढे झाले. कर्मचाऱ्यांना व्हरांड्यात बसायची परवानगी नाही, असं ते म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज तितकासा अदबीचा नव्हता.

‘पाहुण्याला एकदाच विचारायचं, हा नियम कर्मचाऱ्यांना आहे ना?’ भापकरांनी विचारलं. ‘पाहुण्याने कर्मचाऱ्याला किती वेळा विचारायचं, याचा काही नियम?’

तसा नियम नव्हता. भापकरांनी वही पुन्हा ओढली आणि पहिल्या शेऱ्याखाली दुसरा लिहिला: ‘सदर कर्मचारी अतिथीच्या लेखी सांगण्यावरून बसल्या व चहा घेतला. संपूर्ण जबाबदारी अतिथीची.’ सही केली. ‘मेमो काढायचा असेल तर माझ्या नावाने काढा,’ ते म्हणाले. ‘पत्ता अर्जात आहे. गावाचं नाव कुठलंही लिहा, पत्र येतं.’

रुपालीने मॅनेजरकडे पाहिलं. मग वहीतल्या शाई न वाळलेल्या अक्षरांकडे पाहिलं. मग ती बसली, आधी खुर्चीच्या काठावर, आणि जरा वेळाने पाठ टेकून. ज्योतीताईंनी स्कोनची बशी तिच्यापुढे सरकवली. भापकरांनी किटलीची कुंची काढली आणि एकतीस वर्षांच्या सफाईने एक कोरा कप समोर घेतला.

‘नको सर, खरंच,’ रुपाली म्हणाली.

‘अर्धाच,’ भापकर म्हणाले, आणि त्यांनी कप काठोकाठ भरला.